प्रतिभा म्हणजे जन्मजातच असते का?

शब्दवेडा:
गाण्याच्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये सारखं ऐकू येतं, प्रतिभा जन्मजात लागते, ती शिकवून येत नाही. मला हे अजिबात पटत नाही. शब्दातच बघा ना, प्रति अधिक भा, भा म्हणजे प्रकाशणे, म्हणजे समोर लख्ख दिसणं, सुचणं. यात जन्म कुठे आला? जुन्या संस्कृत काव्यशास्त्रातल्या भट्ट तौताची व्याख्यासुद्धा 'प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी प्रतिभा' अशीच आहे, नवं नवं सुचत राहणारी बुद्धी. जन्मजात म्हणायला आपल्याकडे 'उपजत' हा चांगला शब्द आहे की.

कोकणकडा:
साफ असहमत. शब्दाचा नुसता मूळ धातू बघून अर्थ ठरत नाही हो, शब्द वापरला कसा गेलाय ते बघायला लागतं. जुना काव्यशास्त्रकार भामह स्पष्ट सांगतो की गुरूने शिकवलं तर मठ्ठ माणूसही शास्त्र शिकेल, पण काव्य एखाद्यालाच होतं, ज्याच्याकडे प्रतिभा आहे त्यालाच. व्याकरणकार भर्तृहरी तर विचारतो वसंतात कोकिळाचा सूर बदलायला कोण शिकवतं, पाखरांना घरटं बांधायला कोणी शिकवलं. हे उपजत नाही तर काय आहे?

शब्दवेडा:
मग दंडीला, तोही काव्यशास्त्रकारच, 'नैसर्गिकी च प्रतिभा' असं का म्हणावं लागलं? प्रतिभा मुळातच नैसर्गिक असती तर विशेषणाची गरजच नव्हती, आणि आपणही 'उपजत प्रतिभा' म्हणतोच ना. शिवाय पुढच्याच श्लोकात तो म्हणतो की पूर्वसंस्कारातून आलेली प्रतिभा नसली तरी श्रवण आणि यत्न यांनी वाणीची उपासना केली तर ती काहीतरी कृपा नक्की करते.

वाचनखूण:
काव्यशास्त्रकार राजशेखराने तर प्रतिभेचे तीन प्रकारच केलेत, सहजा (जन्मासोबत आलेली), आहार्या (मिळवलेली), औपदेशिकी (उपदेशातून आलेली). म्हणजे शिकवून येणारी पण आहेच.

कोकणकडा:
थांबा, औपदेशिकी म्हणजे क्लास नव्हे, ती मंत्रतंत्राच्या उपदेशातून येणारी आहे. आणि 17व्या शतकातला काव्यशास्त्रकार जगन्नाथ पंडित बघा, काव्याचं कारण फक्त प्रतिभा, बाकी काही नाही.

शब्दवेडा:
औपदेशिकीचं बरोबर आहे, पण आहार्या ही याच जन्मातल्या संस्कारांतून येते, ती तर राहतेच की! आणि जगन्नाथाचं अर्धंच सांगताय तुम्ही, तो लगेच पुढे प्रतिभेचं कारण पण देतो, कधी देवता किंवा महापुरुषाच्या कृपेतून आलेलं अदृष्ट (न दिसणारं पुण्य), तर कधी व्युत्पत्ती, म्हणजे इथे व्यासंग, आणि काव्य करण्याचा अभ्यास. म्हणजे अभ्यासातूनसुद्धा प्रतिभा येते असं तो स्वतःच लिहितोय, आणि आपण मात्र चौथीतल्या पोराला 'तुझ्यात ते नाहीच' म्हणून पेटी बंद करायला लावतो, मला खरा राग याचा येतो.

कोकणकडा:
पोराला असं कुणीच म्हणू नये, त्यात वादच नाही. पण त्याच वाक्यात व्युत्पत्तीला 'विलक्षण' हे विशेषण आहे ते सोडू नका. साधी तयारी पुरते असं जगन्नाथही म्हणत नाही, आणि ती विलक्षणता कुणाकुणातच का येते याचं उत्तर मला अभ्यासात सापडत नाही.