मदत हवी आहे: इटलीत दोन आठवडे, तीनच मुक्काम, आणि वाटेत मोंतोने

नमस्कार मंडळी,

अनंत चतुर्दशीला गणपती गेले की निघायचं आणि घटस्थापनेच्या आत घरी परतायचं, असा मधला पंधरवडा यंदा इटलीसाठी राखून ठेवलाय. पक्षातलं कार्य धाकटे दीर करणार आहेत, त्यामुळे तो प्रश्न मिटला आहे. आम्ही तिघं जाणार: मी, नवरा आणि सासूबाई. आई 74 वर्षांच्या आहेत. सपाट रस्त्यावर तासभर सहज चालतात, पण गुडघ्यांमुळे जिने आणि उभा चढ नको असतो. त्यांची एकच अट आहे: "रोज उठून बॅगा भरायला लावू नका." म्हणून व्हेनिस, मिलान, नेपल्स यांचा विचारच केलेला नाही. लुक्का, सिएनाच्या आसपासचं एखादं शेतघर आणि उंब्रिया प्रांत असे तीन मुक्काम, शेवटी रोमला थोडं थांबून परत.

उंब्रियाचा आग्रह माझा आहे. माझं माहेर माणगाव तालुक्यातलं. याच तालुक्यातल्या पळसगावचे, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात नाईक असलेले यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना गेले. त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे पडले, तेव्हा ते एकटे शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले. मॅगझीन बदलायला सवड नव्हती, म्हणून बंदुकीच्या दस्त्याने लढले आणि ठाणं घेतल्यावर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी कोसळले. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे, माहेरी गेले की मी तिथे थांबतेच. उंब्रियातल्या मोंतोने या गावाने 2023 मध्ये त्यांच्या नावाने एक सूर्यघडी उभारली. इटलीला जायचं ठरलं आणि मी म्हटलं, बाकी काहीही गळालं तरी चालेल, मोंतोने गळता कामा नये. एवढ्या लांबच्या एका लहान गावाने आपल्या माणसाचं नाव जपलंय, तर आपण जाऊन हात जोडायलाच हवेत.

अडचण अशी की मोंतोने टेकडीवर आहे आणि तिथे रेल्वे जात नाही. खालच्या उंबेर्तिदे गावापर्यंत पेरूजाकडून छोटी रेल्वेलाइन आहे. तिथून वर जायला आठवड्यातल्या कोणत्या दिवशी बस मिळते? रविवारी इटलीत गावोगावच्या बस फार कमी होतात, म्हणून रविवार टाळणारच आहोत. उंबेर्तिदेहून येण्या-जाण्याची टॅक्सी आधी ठरवता येते का? आणि वर पोहोचल्यावर सूर्यघडीपर्यंत चढ किती आहे? कोणी स्वतः जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

यातूनच दुसरा प्रश्न निघतो: उंब्रियात मुक्काम कुठे करावा? पेरूजा उंचावर आहे, पण तिथे सरकते जिने आहेत. ते रोक्का पाओलिना या जुन्या किल्ल्याच्या पोटातून थेट वरच्या चौकाकडे नेतात. शिवाय 2008 पासून मिनीमेट्रोचे छोटे डबे रेल्वे स्टेशनापासून वर जातात. आईंसाठी ही मोठीच सोय. दुसरा पर्याय चित्ता दी कास्तेल्लो. हे तटबंदीतलं गाव टायबरच्या काठी सपाटीवर आहे, मोंतोनेही जवळ पडतं. मात्र तिथून असिसी, ओर्विएतो लांब. माझा कल चित्ता दी कास्तेल्लोकडे आहे, नवऱ्याचा पेरूजाकडे. संध्याकाळी आईंना चौकात बसून माणसं बघायला आवडतं, तेव्हा त्या दृष्टीनेही सांगा.

असिसीचं स्टेशन खाली सांता मारिया देल्यी आंजेलीला आहे हे माहीत आहे. बसने अगदी वरच्या चौकात उतरायचं आणि हळूहळू उतरत संत फ्रान्सिसच्या बॅसिलिकापर्यंत यायचं, असं ठरवतोय. उतारही गुडघ्यांना त्रास देतो, पण वाटेत बसायला बाकं, कॅफे असतील तर जमेल. ओर्विएतोला स्टेशनासमोरूनच वर जाणारी केबल रेल्वे आहे, त्यामुळे रोमला जाताना तिथे अर्धा दिवस उतरणार. सामान ठेवायची सोय आहे का?

लुक्काबद्दल फारसं विचारायचं नाही. गाव सपाट, आणि भोवतीच्या तटावर झाडांच्या सावलीत चार किलोमीटरची रुंद वाट. आईंना रोज सकाळी हवं तेवढं चालता येईल. पिसा तिथून रेल्वेने अर्ध्या तासावर.

सिएनाच्या भागात मात्र ठरत नाहीये. फ्लॉरेन्सहून सिएनाला रेल्वेने गेलं तर स्टेशन खाली राहतं, बस जुन्या गावाजवळ सोडते, म्हणून बसच घेणार. पण शेतघरात राहायचं तर गाडी हवी. नवऱ्याला रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय आहे, आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवानाही काढून ठेवणार आहोत. भीती आहे ती 'झेडटीएल'ची, म्हणजे गाड्यांना मर्यादित प्रवेश असलेल्या भागाची. जुन्या गावांच्या वेशीवर कॅमेरे असतात, परवानगी नसताना आत गेलं की दंड, आणि तो भाड्याच्या गाडीच्या कंपनीमार्फत कितीतरी महिन्यांनी घरी येतो. सिएनात वेशीबाहेर गाडी ताब्यात घेऊन, वाल दॉर्चा या सिएनाच्या दक्षिणेकडच्या खोऱ्यात फिरून ती पेरूजाच्या स्टेशनजवळ परत करता येईल का? दुसऱ्या गावात परत केल्याचं जादा भाडं साधारण किती पडतं? गाडी त्यापुढेही ठेवली तर मोंतोनेचा प्रश्नच सुटतो, असं नवऱ्याचं म्हणणं आहे. ते मला पटतंय, पण टेकडीवरच्या अरुंद रस्त्यांवर ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांचं मत ऐकायचंय.

शेतघर पिएन्झाजवळ बघतोय, कारण पिएन्झा डोंगरमाथ्यावर असलं तरी आतून बरंचसं सपाट आहे. मोन्तेपुल्चानोचा चढ आईंना झेपणार नाही. तळमजल्यावरची खोली आणि स्वयंपाकघर या दोन गोष्टी हव्यातच. ऑक्टोबरच्या सुरुवातीला संध्याकाळी गारठा असतो का, गरम कपडे किती घ्यायचे?

आता जेवण. आई शाकाहारी आहेत, अंडंही खात नाहीत. त्यामुळे ताज्या पास्त्यात जपावं लागेल, कारण ताल्यातेल्लेसारख्या प्रकारांत अंडं असतं. सिएनाकडचा पिची पास्ता फक्त पीठ-पाण्याचा करतात असं वाचलंय. पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारं द्रव्य) असतं, म्हणून तेही नको. सूप कोणतंही असो, आधी विचारणार, कारण पाणी मांसाचं असू शकतं. बीन्स, काळी कोबी आणि शिळा पाव घातलेली रिबोलीता, टोमॅटोची पाप्पा अल पोमोदोरो हे चालेल. चण्याच्या पिठाची भट्टीत भाजलेली चेचीना लुक्का-पिसाकडे मिळते, ती आईंना आपल्या पोळ्यासारखी वाटेल असा मला विश्वास आहे. दुपारी अडीचनंतर आणि संध्याकाळी साडेसातच्या आत बहुतेक जेवणघरं बंद असतात. आई सातला जेवतात, म्हणून स्वयंपाकघराचा आग्रह. तूरडाळ, गोडा मसाला बॅगेत नेता येतो ना? घरचं तूप युरोपात नेता येत नाही, ते ठेवूनच जाणार.

शेवटचा प्रश्न कसिनो या गावाबद्दल. घाडग्यांचं नाव तिथल्या सैनिकी दफनभूमीतल्या युद्धस्मारकावरही कोरलेलं आहे. कसिनो रोम आणि नेपल्सच्या मधे आहे. रोमहून साध्या रेल्वेने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल. आई म्हणतात, "तुम्ही दोघं जा, मी हॉटेलवर वाचत बसेन." पण त्यांना सोबत न्यावं असं मला वाटतं. कसिनो स्टेशनबाहेर टॅक्सी मिळते का, आणि दफनभूमीत चालायला वाट सपाट आहे का? हे फार दगदगीचं होणार असेल तर तसं स्पष्ट सांगा, आम्ही फक्त मोंतोनेला जाऊ.

व्हिसाच्या भेटीची तारीख मिळाली आहे, राहण्याची आरक्षणं त्याआधी करायची आहेत. त्यामुळे पेरूजा की चित्ता दी कास्तेल्लो, एवढ्याचं उत्तर आधी दिलंत तरी खूप मदत होईल.