अमेरिकेत स्टेटचे आमदार बजेटला ‘नाही’ म्हणतात म्हणजे खरंच काटकसरी असतात का?

शंकासुर: निवडणूक आली की तिकडचे आमदार सांगतात मी बजेटविरुद्ध मत दिलं, मी खर्च रोखला. पण बजेट तर पास झालेलंच असतं, मग रोखलं काय?

कोपऱ्यातला: घंटा काही नाही. पास होणार हे माहीत असलं की ‘नाही’ म्हणायला काय जातंय, नंतर त्याच पैशातल्या पुलाची फीत कापायला हेच पुढे. खरा लगाम नियमांचा असतो. व्हर्माँट सोडलं तर जवळपास सगळ्या स्टेट्समध्ये बजेट बॅलन्स ठेवायची, म्हणजे खर्च उत्पन्नाच्या आत ठेवायची सक्ती आहे. कोलोरॅडोत १९९२ पासून ठरलेल्या मर्यादेवर महसूल गेला की जास्तीचा पैसा लोकांना परत करावा लागतो, नाहीतर मतदारांची परवानगी घ्या.

आकडेमोड्या: कॅलिफोर्नियाचं भारी आहे, २०१० पासून बजेट साध्या बहुमताने होतं पण १५ जूनपर्यंत पास नाही केलं तर आमदारांचा पगारच कट 😄

कोपऱ्यातला: आणि गव्हर्नरचा व्हेटो विसरू नका, म्हणजे पास झालेल्या बजेटमधला भाग खोडायचा अधिकार. विस्कॉन्सिनमध्ये २०२३ ला गव्हर्नर टोनी एव्हर्सनी ‘२०२४-२५’ मधला ‘२०’ आणि मधली रेघ खोडली, झालं २४२५! शाळांना गोळा करता येणाऱ्या महसुलाच्या मर्यादेत दर विद्यार्थी ३२५ डॉलरची वार्षिक वाढ दोन वर्षांसाठी होती ती गेली ४०० वर्षांवर. २०२५ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने तेही ४-३ ने मान्य केलं.

शंकासुर: च्यायला, म्हणजे आमदारांनी मतं देऊन बसायचं आणि हा पेनाने शतकं खोडणार

आकडेमोड्या: म्हणून अंतिम मत बघू नका, कमिटीत कोणती कपात सुचवली ते बघा