कालव्याकाठी २५ मिमीचे टायर
रोड बाइकचे २५ मिमीचे टायर कालव्याकाठच्या वाटेवर चालतील का, असं तुम्ही विचारलंय. इंग्लंडमधल्या केनेट अँड एव्हन कालव्यावर बाथ ते ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन मी त्यांवर गेलोय. कोरड्या दिवसांत निभतं, पण बारीक खडीवर हात बधिर होतात. ब्रेकखाली किती फट आहे ते मोजा. बसत असतील तर ३२, नाहीतर २८ घ्या आणि हवा थोडी कमी ठेवा.

खरा त्रास हॉथॉर्नच्या, म्हणजे तिथे कुंपणाला लावतात त्या झुडपाच्या, काट्यांचा. हिवाळ्यात कुंपणं छाटली की ते वाटेवर पडतात आणि टाचणीसारखे सरळ आत शिरतात. म्हणून पंक्चररोधक पट्टा असलेलाच टायर घ्या. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून चाचपा. मी एकदा ते केलं नाही. तोच काटा, शंभर पावलांवर पुन्हा पंक्चर!