एररमध्ये प्रोग्रामची ओळ दिसते, फाइलमधली कुठली ओळ चुकली ते कसं कळणार?

हळदवाला_सांगली:
मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी पायथनमध्ये प्रोग्राम लिहिलाय, हळदीच्या सौद्यांची सीएसव्ही (स्वल्पविरामानं रकाने पाडलेली साधी फाइल) वाचायची, वजन गुणिले दर, त्यातनं हमाली-तोलाई वजा आणि शेतकऱ्याची पट्टी (हिशोबाची पावती) प्रिंट. चार दिवस मस्त चालला आणि काल नेमका पट्ट्या द्यायच्या टायमाला बंद पडला. एरर काय तर 'लाइन २३, व्हॅल्यूएरर: कुड नॉट कन्व्हर्ट स्ट्रिंग टू फ्लोट' (म्हणजे मजकुराचा आकडा करता आला नाही) आणि पुढं नुसती दोन अवतरणचिन्हं, मधे काहीच नाही. मी सीएसव्हीची २३ वी ओळ उघडून बघितली, ती बरोबर होती, मग कळलं की २३ ही प्रोग्रामची ओळ आहे. फाइलीत १८०० च्या वर ओळी, बाहेर शेतकरी थांबलेले. कुणीतरी मराठी आकडे टाकले असतील म्हणून ते पण करून बघितलं, पण फ्लोटला १२४५ मराठीत दिलं तरी चालतंय. एरर जरा सविस्तर कसा मिळवायचा?

कराडकर:
ट्राय-एक्सेप्ट (एरर आला तर काय करायचं ते सांगायची सोय) लाव आणि एक्सेप्टमध्ये पास (काहीच करू नको) टाक, चुकलेली ओळ सोडून पुढं जाईल, पट्ट्या तरी निघतील.

अजिंक्यतारा_७:
पास अजिबात टाकू नको भावा, ज्याची ओळ सुटंल त्याच्या पट्टीत ती पोती दिसणारच नाहीत आणि कुणाला पत्ता पण लागणार नाही. पायथन ३.११ घाल, त्यात एका ओळीत दोन फ्लोट असले तरी नेमक्या चुकलेल्याच्या खाली ^^^^ खुणा येतात, म्हणजे वजन चुकलं का दर ते लगेच कळतं.

हळदवाला_सांगली:
दुकानातला पीसी विंडोज ७ चा आहे हो, ३.८ च्या पुढचं चढतच नाही.

अजिंक्यतारा_७:
मग हातानं कर, ३.८ वर पण होतंय. खुणा आल्या असत्या तरी फाइलीतली ओळ कळली नसतीच, पायथनला तुझी फाइल म्हणजे काय ते माहीत नाही, त्याला फक्त एक रिकामी स्ट्रिंग मिळाली. वजन आणि दर वेगवेगळ्या ओळींवर फ्लोट कर. एक्सेप्टमध्ये जुना एरर 'ई' नावानं पकड आणि 'रेज व्हॅल्यूएरर' करून (म्हणजे आपला नवा एरर काढून) त्यात सीएसव्ही वाचणाऱ्या रीडरचं लाइन_नम (फाइलीतला ओळ नंबर), कॉलमचं नाव, लॉट नंबर आणि मिळालेली किंमत रेपर करून (अवतरणचिन्हांसकट, रिकामी असली तरी दिसंल अशी) घाल, शेवटी 'फ्रॉम ई' लाव म्हणजे मूळ एरर पण वर दिसत राहतो. आज एक्सेलमध्ये फिल्टर लावून ब्लँक सापडंल पण उद्या कुणी १४,२०० असा स्वल्पविराम टाकला की परत तेच. आणि मेसेज मराठीतच लिही की, दुकानात तो दिवाणजीच वाचणार आहे.

हळदवाला_सांगली:
झालं! आता असं येतंय: 'फाइलची ओळ ११६३, कॉलम दर, लॉट ८८, किंमत रिकामी'. दिवाणजींना दाखवलं तर ते वाचून लगेच म्हणाले, त्या १४ पोत्यांचा सौदाच झालेला नाही, माल अजून गाळ्यातच आहे. ती ओळ त्यांनी शिल्लक मालात टाकली, बाकी पट्ट्या निघाल्या.