फलकावर काय लिहावे : शहीद, हुतात्मा की वीरमरण?

प्रश्न : आमच्या गावच्या मुंबईकर मंडळाची परवा लालबागला बैठक झाली. 26 जानेवारीला गावच्या शाळेसमोर, सैन्यात कामी आलेल्या गावकऱ्यांचा दगडी फलक बसवायचा आहे. मजकुरावरून वाद पेटला. वडीलधारे म्हणतात 'हुतात्मा', पोरं म्हणतात 'शहीद', आमच्या निवृत्त सुभेदारांना दोन्ही नकोत. मसुदा असा आहे : 'शहीद जवान स्मृतीस्तंभ. हे वीर देशासाठी लढताना वीरगती प्राप्त झाले.' जाणकारांनी तपासून द्यावा.

उत्तर : आधी दगडावर कायमच्या राहतील अशा चुका. 'स्मृती' सुटा लिहिताना दीर्घ, पण समासात ऱ्हस्व : स्मृतिस्तंभ. 'वीरगती प्राप्त झाले' ही हिंदी वाक्याची सावली. मराठीत माणसाला वीरगती प्राप्त होते, किंवा तो वीरगतीस जातो.

या 'गती'चा अर्थ बघायचा असेल तर बोरिवलीजवळ एकसरला जा. तिथल्या वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळांवर, चक्क आरमारी लढाई कोरलेली आहे, वल्ही मारणाऱ्यांसकट. वीरगळांची रीतच अशी, की खाली लढाई, वर अप्सरा वीराला घेऊन चालल्यात आणि सर्वांत वर तो शिवलिंगापुढे बसलेला. मेल्यावर वीराला मिळते ती जागा म्हणजे वीरगती. ('गळ'चा गळ्याशी संबंध नाही, कन्नडमध्ये 'कल्लु' म्हणजे दगड.)

'हुतात्मा' म्हणजे ज्याने स्वतःचीच आहुती दिली तो. हा शब्द सावरकरांनी रूढ केला. मुंबईकराच्या कानाला मात्र तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्मा चौकाचा आहे. परदेशी कापडाच्या ट्रकपुढे 12 डिसेंबर 1930 रोजी आडवा झालेला गिरणी कामगार बाबू गेनूही हुतात्माच. हातात शस्त्र नसलेल्यांचा हा शब्द, असे माझ्या मनात बसले आहे. सैनिकाला लावला तर चूक नाही, पण माझी पसंती 'वीरमरण'ला. 'धारातीर्थी पडले' त्याहून देखणा आहे. तलवारीची धार हेच तीर्थ, तिथे देह ठेवला! पण हिमस्खलनात गेलेल्या जवानाला तो बसत नाही. तिथे सरळ 'कर्तव्य बजावताना' लिहावे. त्याने मान कमी होत नाही.

सुभेदारसाहेबांचे म्हणणे समजून घ्या. 'शहीद' ही सैन्याची अधिकृत संज्ञा नाही, हे सरकारने संसदेतही सांगितले आहे. शिवाय 'जवान' म्हटले की सुभेदार, कॅप्टन बाहेर राहतात. 'सैनिक' लिहा, सगळे आले.

दुसरे मत : 'शहीद' अरबी म्हणून गाळणार असाल तर माझा विरोध. तुकाराम ओंबळे यांना गिरगाव चौपाटीवर आलेला साधा माणूस 'शहीद' म्हणूनच हात जोडतो. साताऱ्याकडच्या केडंबे गावचा माणूस, आधी सैन्यात, मग मुंबई पोलिसात. त्यांच्यासाठी लोकांच्या तोंडून येतो तो शब्द परका कसा?

उत्तर : परका नाहीच. मुळात त्याचा अर्थ साक्षीदार. जुन्या मराठी कागदांत 'शाहेदी' म्हणजे साक्ष. मिरवणुकीत 'शहीद जवान अमर रहे' खुशाल म्हणा, त्या घोषणेला हात लावू नये. दगडावर मी फक्त एवढे पाहतो, की निवडलेला शब्द खालच्या प्रत्येक नावाला लागू पडतो का.

आणि खरा आग्रह नावांचा आहे. महाराष्ट्रात कित्येक गावांत पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. 1914 ते 1919 या काळात या गावातून इतके गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले, बस्स. आकडा आहे, माणूस नाही. वीरगळांवरही बहुधा नाव नसते. तुम्ही तसे करू नका. पहिल्या महायुद्धातले कुणी असतील तर त्यांनाही घ्या. 'देशासाठी' या शब्दावर अडलात तर तो शब्द गाळा, माणूस गाळू नका.

प्रश्नकर्ता : नावांआधी 'कै.' लावावे का?

उत्तर : नको, हुद्दा लावा. मजकूर असा सुचवतो :

'स्मृतिस्तंभ. सैन्यात कर्तव्य बजावताना वीरमरण आलेले आमच्या गावचे सैनिक.' खाली प्रत्येकाचा हुद्दा, पूर्ण नाव, पलटण, ठिकाण, वर्ष. कोरायला देण्याआधी कागद त्यांच्या घरच्यांना वाचून दाखवा. आईचे नावही घालायचे का, तेही त्यांनाच विचारा.