बंद पडलेल्या खाणीची लॅम्परूम वाचवायची आहे, सुरुवात कुठून करू?

वर्धाकाठची_शिक्षिका

नमस्कार मंडळी. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गावाला लागून असलेली भुयारी कोळसा खाण बंद झाली. इनक्लाईनच्या, म्हणजे खाली जाणाऱ्या तिरप्या बोगद्याच्या, तोंडाशी भिंत बांधली, पंखा काढून नेला. आता वरच्या इमारती पाडून लोखंड भंगारात द्यायचं चाललं आहे. त्यात लॅम्परूम आहे, हॉलेजचं, म्हणजे कोळशाच्या गाड्या दोराने ओढण्याचं, इंजिनघर आहे, हाजरीची खोली आहे.

लॅम्परूम ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. भिंतीभर लाकडी फळ्या, त्यांवर दिवे टांगायला नंबर टाकलेल्या खुंट्या. खाली जाणाऱ्या प्रत्येकाचा नंबर ठरलेला. पाळी सुटल्यावर ज्या नंबरचा दिवा परत आला नाही, तो माणूस अजून खाली आहे असं समजायचं आणि शोध सुरू करायचा. माझे सासरे ट्रामर होते, कोळशाच्या गाड्या ढकलायचे. त्यांचा नंबर घरात अजून सगळ्यांना पाठ आहे.

सरपंच म्हणतात, नागपूरजवळच्या सावनेरसारखं पर्यटकांना खाणीत उतरवलं तर ताडोब्याला जाणाऱ्या गाड्या आपल्याकडेही थांबतील. मला मात्र आधी या खोल्या उभ्या राहायला हव्या आहेत. ग्रामपंचायतीला काही करता येतं का? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

निवृत्त_ओव्हरमन

ताई, तुमची पोस्ट मुलाने वाचून दाखवली. मी मायनिंग सरदार म्हणून लागलो, ओव्हरमन होऊन निवृत्त झालो. दोन्ही कामं खाली माणसांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवायची. सगळी नोकरी भुयारी खाणीत गेली, म्हणून थोडं लांब लिहून राहिलो.

पहिली गोष्ट. खाली उतरवायचं मनातून काढून टाका, सरपंचालाही समजावा. सावनेरला 2016 मध्ये वेकोलिने (वेस्टर्न कोलफील्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) पर्यटन महामंडळासोबत खाण पर्यटन सुरू केलं, पण तिथे मागे चालू खाणीचा पंखा, पंप आणि माणसं होती. तुमच्याकडे पंखा गेला म्हणजे हवा गेली. पंप थांबला की गॅलऱ्या, म्हणजे खालचे बोगदे, पाण्याने भरतात. जिथे पाणी पोचत नाही तिथे प्राणवायू कमी होत जातो, गॅस साचतो. आपला कोळसा हवेच्या संपर्कात आपोआप तापून पेटतोही, म्हणून तर तोंड बंद करतात. ती भिंत फोडायला कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

वेल्समधल्या बिग पिट खाणीत पर्यटक खरंच खाली जातात, हे मला ठाऊक आहे. ती खाण 1980 मध्ये बंद झाली आणि 1983 मध्ये लोकांसाठी उघडली. तिथे जुने खाण कामगारच सोबत नेतात, डोक्यावर दिवा देतात, ठिणगी पडेल अशी प्रत्येक वस्तू वर ठेवून घेतात. पण त्यासाठी हवा, पंप, छताची तपासणी हे सगळं रोज चालू ठेवावं लागतं. ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं ते काम नाही.

तुमची लॅम्परूम मात्र आवाक्यातली आहे. आणि तिच्याही आधी कागद वाचवा. हाजरीच्या खोलीत बी-फॉर्मची रजिस्टरं असतील. त्यात कामगाराचं नाव, बापाचं नाव, मूळ गाव, अंगठा. आमच्या पाळीत बिलासपूरकडचे लोक होते, तेलंगणातले होते, उत्तर प्रदेशातले होते आणि शेती गेलेले आपले गावकरीही होते. कोण कुठून आलं हे त्या वहीइतकं दुसरीकडे कुठेच सापडणार नाही. पावसाळ्यात वाळवी लागली की गेलं. रीतसर परवानगी मागा, निदान पानापानाचे फोटो काढू द्या म्हणा.

मग माणसं. छत कसं तपासायचं ते पोट्ट्यांना दाखवायला अजून माणसं जिवंत आहेत. काठीने छत ठोकायचं. टणक आवाज आला तर पक्कं, ढब्ब वाजलं तर वरचा थर सुटला आहे, मागे सरका. छताला टेकू दिलेली लाकडी बल्ली करकरायला लागली की टब, म्हणजे कोळशाची गाडी, जिथे असेल तिथे सोडून बाहेर. सेफ्टी लॅम्पची वात बारीक केल्यावर ज्योतीवर निळी टोपी दिसली म्हणजे गॅस आहे. हे मी आजही दाखवू शकतो, माझा हात अजून थरथरत नाही. पण आमच्यातले दर वर्षी कमी होऊन राहिले. लॅम्परूम वाचली आणि तिथे सांगणारा कोणी उरला नाही, तर काय दाखवणार?

वरोऱ्याचं बघा ना. तिथे सरकारी कोळसा खाण होती, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली. 1906 मध्ये ती बंद पडली. आज वरोऱ्यात शंभरातल्या एका पोराला तरी हे माहीत आहे का, विचारून बघा.

नियमावाला_चंद्रपूर

ओव्हरमन काकांना नमस्कार. कायद्याचं थोडक्यात लिहितो.

पुरातत्त्व खात्याच्या मागे लागू नका. केंद्राच्या 1958 च्या कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, बहुतेक खाणींची बांधकामं त्यात बसत नाहीत. खाण बंद करण्याचा आराखडा मागवा. 2009 पासून प्रत्येक कोळसा खाणीला तो द्यावा लागतो आणि त्याच्या खर्चासाठी एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त त्याच कामासाठी राखलेल्या खात्यात, पैसे ठेवावे लागतात. इमारतींचं काय करायचं हे त्यात लिहिलेलं असतं. माहिती अधिकारात प्रत मागा.

जमीन बहुधा 1957 च्या कोळसा क्षेत्र कायद्याने घेतलेली असेल, म्हणजे ग्रामपंचायत मालक नाही. ताबा मागण्यापेक्षा ग्रामसभेचा ठराव करून ‘या तीन इमारती पाडू नका, देखभालीसाठी आम्हाला द्या’ अशी लेखी मागणी करा आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या. खर्चासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे (खाणबाधित भागासाठीचा जिल्ह्याचा निधी) प्रस्ताव देता येईल. लिलावाची तारीख लागण्याआधी ठराव पोचायला हवा, हे सगळ्यात महत्त्वाचं.

आणि मनुष्यबळाची काळजी करू नका. चंद्रपूरच्या गोंडकालीन किल्ल्याचा परकोट इको-प्रो संस्थेच्या पोरांनी 2017 पासून स्वतःच्या हातांनी झाडंझुडपं काढून साफ केला. आज तिथे लोक किल्ला बघायला जातात.

वावर_गेलेला

माझं म्हणणं कडू वाटेल, पण लिहितो. आमचं वावर खाणीत गेलं. छत पेलायला खाली सोडलेले कोळशाचे पिलर काढल्यावर जमीन खचली, विहिरीचं पाणी खाली गेलं. संग्रहालय करा, मी विरोधात नाही, पण त्यात फक्त दिवे आणि टोप्या ठेवाल तर अर्धीच गोष्ट सांगाल. खचलेल्या जमिनीचा नकाशा लावा. गेलेल्या वावरांचे सर्व्हे नंबर लावा.

निवृत्त_ओव्हरमन

भाऊ, बरोबर आहे तुमचं. डीपिलरिंग, म्हणजे ते पिलर काढणं, आम्हीच केलं, वरची जमीन बसणार हे आम्हाला खाली असताना माहीत होतं. मी हे सांगायला तयार आहे. इंडोनेशियातल्या सावाहलुंतोची ओंबिलिन खाण 2019 मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. तिथे डच राजवटीत साखळदंड घातलेल्या कैद्यांकडून कोळसा काढून घेत, आणि येणाऱ्यांना ते लपवून न ठेवता सांगतात. आपणही सांगू.

वर्धाकाठची_शिक्षिका

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सरपंचांशी बोलले. खाली उतरवायचा विषय त्यांनी सोडला. ठरावाचा मसुदा लिहायला घेतला आहे. आधी रजिस्टरांच्या फोटोंची परवानगी, मग तीन इमारतींची मागणी, असा क्रम ठेवला. वावर गेलेले भाऊ, तुमच्या भागातले सर्व्हे नंबर मला कळवाल का? सातवीच्या मुलांना नकाशा काढायला देते, भूगोलाचा प्रकल्प होईल. शाळेच्या कपाटात पानांचे ठसे उमटलेले शेल खडकाचे तुकडे आहेत, खाणीच्या ढिगाऱ्यावरून आणलेले. गोंडवन हे प्राचीन महाखंडाचं नाव जगभरच्या भूशास्त्राने आपल्याच भागावरून घेतलं, हे मुलांना त्या तुकड्यांसोबत सांगते. तेही लॅम्परूममध्ये ठेवू.

काका, तुम्ही आमच्या शाळेत याल का? गाडी पाठवते. सेफ्टी लॅम्प असेल तर सोबत आणा.

निवृत्त_ओव्हरमन

येतो. लॅम्प माझ्याकडे आहे, काच नवीन बसवावी लागेल. ठरावावर सह्या घ्यायच्या असतील तर कॉलनीतल्या जुन्या लोकांनाही सोबत आणतो, त्यातले काही आता बल्लारपूरला असतात, त्यांना फोन करतो.