‘हडळ’ म्हणजे ‘दडपलेली वासना’? शब्दार्थाच्या यादीबद्दल

चेंदणी:
शाळांसाठी लोककथांचा एक संच ठाण्यात तयार होतो आहे. त्याच्या शब्दार्थांच्या यादीत असं दिलंय: हडळ – स्त्रीच्या दडपलेल्या वासनेचं प्रतीक. जखीण – स्त्रीचं अतृप्त मन. साती आसरा – अबोध मनातलं स्त्रीतत्त्व. लावसट – वरीलप्रमाणे.
हे सगळे शब्द खरंच एकाच अर्थाचे आहेत का? नसतील तर नेमके अर्थ हवेत. यादी अजून छापायला गेलेली नाही.

दिवाळे बंदर:
एकाच अर्थाचे अजिबात नाहीत. कोकणपट्टीत बाई कोण होती, कशाने गेली, कितव्या दिवशी गेली, यावरून नाव ठरतं.
बाळंत झाल्यावर दहा दिवसांच्या आत किंवा विटाळशी असताना गेलेली ती हडळ. पुढून भरलेली, पाठीमागून नुसता सापळा. अळवंतीण बाळंतपणातच गेलेली. काही गावांत ते हडळीचंच दुसरं नाव आहे. जखीण म्हणजे बऱ्याच ठिकाणी नवरा हयात असताना गेलेली सवाष्ण. लावसट म्हणजे विधवेचं भूत.
नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्न पाठवून ही माहिती जमवली होती. १९०९ साली त्यांचा खून झाला. पुढे एन्थोवेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यातला कोकणचा भाग १९१५ मध्ये छापला. त्यात ठाणे जिल्ह्यातल्या मास्तरांचीही उत्तरं आहेत. म्हणजे आपल्याच भागातून शंभर वर्षांपूर्वी नोंदवलेले अर्थ हाताशी आहेत, आणि मुलांपुढे ठेवायचं काय, तर ‘वरीलप्रमाणे’! लेकुरवाळी, सवाष्ण, विधवा असे जे खण बाईला जिवंतपणी होते, तेच मेल्यावरही सुटले नाहीत. हे या शब्दांतून लख्ख दिसतं, आणि ‘दडपलेली वासना’ म्हटलं की नेमकं तेच पुसलं जातं.

बेलापूर:
व्युत्पत्ती पाहिली तरी हे वेगळेपण दिसतं. यक्षिणीची प्राकृतात जक्खिणी झाली, तिची जखीण. साती आसरा या पाण्याजवळच्या सात देवता. आसरा म्हणजे अप्सरा, आणि त्यात ‘अप्’ म्हणजे पाणी आहेच. सटवी षष्ठीवरून आली. पाचवी-सहावीला बाळाच्या कपाळी लेख लिहिते ती हीच. आता तिचं नाव शिवी म्हणून उरलंय, हे वाईट. अवदसा मुळात बाईच नव्हे, अवदशा म्हणजे वाईट दशा. यादीत ती असेल तर भुतांमधून काढा.

कळवा खाडी:
हडळीच्या अर्थातल्या दहा दिवसांकडे नीट बघा. सूतिकाज्वराची प्रसूतिशास्त्रातली जुनी व्याख्या अशी आहे: पहिले २४ तास सोडून, बाळंतपणानंतरच्या पहिल्या १० दिवसांत कोणत्याही दोन दिवशी ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त. रक्तस्राव त्याआधीचा, वार पूर्ण पडली नाही किंवा गर्भाशय आकसलं नाही की बहुतेकदा पहिल्या २४ तासांतच होतो, आणि ५०० मिलिलिटरच्या पुढे गेला की तो धोक्याचा मानतात. एकाने दुसऱ्याची व्याख्या उचलली असं मी म्हणत नाही. सुवेरही, म्हणजे बाळंतपणाचा विटाळही, दहाच दिवसांचं असतं. पण बाया ज्या दिवसांत मरत होत्या त्याच दिवसांचं नाव या शब्दात आहे, आणि ते मरण बाजूला सारून वासनेचा शोध घेणं मला क्रूर वाटतं.
अशा बाईला नेताना वाटेवर राळे टाकत, उंबऱ्यात लोखंडी खिळा ठोकत. राळ्याचा दाणा असतो मोहरीएवढा. तिला एकेक वेचत यावं लागावं, म्हणून. मागे राहिलेलं तान्हं मूल डोळ्यांपुढे आणा, म्हणजे ती परत कशासाठी येईल याची घरच्यांना भीती का होती ते कळेल.

घणसोली गाव:
मग मनाचा विचार करायचाच नाही का? बाळंतिणीला ‘लागीर’ झालं असं म्हणतात, त्यात मानसिक आजारही असतोच की.

कळवा खाडी:
असतो, आणि त्याला उपचार लागतात. दर हजार बाळंतपणांत एक-दोघींना तीव्र मनोविकार होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. झोप उडते, भास होतात, बाळाबद्दल भलत्या शंका येतात. तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. पण तो जिवंत बाईचा आजार झाला. त्यावरून गोष्टीतल्या मेलेल्या बाईचं निदान करता येत नाही.

दिवाळे बंदर:
घणसोली, तुमच्या प्रश्नामुळे एक फरक सांगायलाच हवा. हडळ, जखीण, लावसट या मेलेल्या. भुताळी, डाकीण, चेटकीण या जिवंत. डहाणू-जव्हारकडे ‘भुताळी’ हा बाई करणी करते असा आरोप असतो. भगताने, म्हणजे गावच्या मांत्रिकाने, नाव घेतलं की त्या बाईला मार बसतो, गाव सोडावं लागतं. ‘भुताळी म्हणजे समूहाच्या अबोध मनातली भयंकर माता’ असं लिहिलंत की आरोप करणारा सुटतो आणि बाई प्रतीक होऊन बसते. जादूटोणाविरोधी कायदा राज्यात २०१३ पासून आहे, तो याच जिवंत बायांसाठीही आहे. या शब्दापुढे ‘आरोप’ लिहिलंच पाहिजे.
आणि क्रियापदं जपा. देवी ‘अंगात येते’, हडळ ‘लागते’ किंवा ‘धरते’, आसरांचा ‘फेरा’ असतो. बाधा झालेल्या माणसाला भगत ‘झाड’ म्हणतो, आणि ‘झाड बोलायला लागलं’ म्हणजे आतलं भूत बोललं. सगळीकडे ‘झपाटणे’ लिहिलं की देवी आणि हडळ एकाच रांगेत जातात.

बेलापूर:
आसरांचंही एक सांगते. विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड असतात, हिरव्या बांगड्या, खण, हळदकुंकू वाहतात. पाणी म्हणजे अबोध मन, असं म्हणायची घाई कशाला? ती विहीर आहे. तिथे बाया पाण्याला जात, आणि काही जणी तिथेच जीव देत.

चेंदणी:
सगळं उतरवून घेतलं. आता नोंद अशी करतोय, चूक असेल तर कळवा.
हडळ (स्त्री.) – बाळंतपणानंतर दहा दिवसांत किंवा विटाळात मेलेल्या बाईचं भूत. क्रियापद: लागणे, धरणे. पाहा: अळवंतीण.

दिवाळे बंदर:
‘कोकणात’ हा शब्द सुरुवातीला टाका. देशावर अर्थ बदलतो.